पहिला पावसाळा : प्रस्तावना

रत्नागिरीतल्या जुन्या घरात राहायला येणारा माणूस पहिली चौकशी करतो ती गवंड्याची. भिंतींचे पोपडे सुटलेले असतात, जमीन उखणलेली असते, न्हाणीघराचे दार खालून कुजलेले असते, आणि हे सगळे आत शिरल्याबरोबर दिसते. छप्पर मात्र मान वर केल्याशिवाय दिसत नाही. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर ते असे : पहिली चौकशी शाकारणी करणाऱ्याची करावी, आणि गवंडी, फरशीवाला, रंगारी यांना पहिला पावसाळा सरेपर्यंत बोलावू नये.

ही सूचना ऐकून पुष्कळजण हिरमुसतात. मुंबईतली किंवा पुण्यातली जागा सोडून, वर्षानुवर्षे कुलूप असलेल्या आजोबांच्या घरी यायचे एकदा ठरले की ते घर एका उन्हाळ्यात राहण्याजोगे करून टाकावे असे वाटणारच. रजा तेवढीच मिळालेली असते, पैसेही त्या हिशेबाने काढलेले असतात. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट तरी, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराची खरी दुखणी कळतात ती तेव्हाच. मे महिन्यात ठणठणीत कोरडी वाटलेली भिंत ऑगस्टमध्ये कमरेएवढी ओली होते, आणि जिथे हमखास गळणार म्हणून आपण बादली नेऊन ठेवलेली असते तिथे थेंबही पडत नाही. ज्यांनी आधी जमिनीवर नव्या लाद्या बसवल्या आणि मग छपराकडे पाहिले त्यांच्या लाद्यांवर पहिल्याच जुलैत पातेली मांडलेली मी पाहिली आहेत. आमच्या वाडीतल्या एका वयस्क काकूंनी मला पहिल्या वर्षी एवढेच सांगितले होते, "आत्ता काही हलवू नकोस. पागोळी कुठे पडते आणि पाणी कुठून वाहते ते एकदा बघून घे." हे पुस्तक लिहिताना त्यांचे ते सांगणे सतत जवळ होते.

ही घरे अशीच का बांधली गेली हे कळल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाहीत. पायाखाली जांभा आहे म्हणून भिंती जांभ्याच्या. 1807 साली ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅननने केरळातल्या अंगाडीपुरमला पाहिलेल्या या दगडाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला नवल वाटले ते याच गोष्टीचे की खाणीत असताना हा दगड हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्या हवेत आला की घट्ट होत जातो. आपल्याकडच्या चिरेखाणीवर काम करणाऱ्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, आणि अंगभर छिद्रे. त्यामुळे तो पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतोही. जुन्या लोकांनी चिरे सांधायला माती किंवा चुना वापरला. किनाऱ्यालगत हा चुना शिंपले भाजून होत असे. माती काय, चुना काय, दोन्ही भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतात.

वर पूर्वी गवत किंवा पेंढा असे, ऐपत असेल तर कुंभाराने घडवलेली नळीची कौले. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत एकमेकांत अडकणारी सपाट, लाल कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. आज ज्याला आपण कोकणी घराचे रूप म्हणतो त्यातले छप्पर असे तुलनेने अलीकडचे आहे. त्या घरांनी नवी गोष्ट घेतली, पण घ्यायची रीत जुनीच ठेवली : प्रत्येक भाग सुटा. कौल फुटले तर तेवढे कौल काढावे, रीप कुजली तर तेवढी रीप बदलावी, वासा वाळवीने खाल्ला तर दोन माणसांनी शेजारच्या वाशाला आधार देऊन तो खाली उतरवावा. बाकीचे घर जागचे हलत नाही. काँक्रीटच्या स्लॅबचे असे नसते. सळईला गंज चढला की पूर्ण तुकडाच जायबंदी होतो, आणि खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. म्हणून जुन्या घरात फार दुरुस्त्या निघतात ही तक्रार मला मान्य नाही. फार दुरुस्त्या निघाव्यात, पण त्या लहान निघाव्यात, हीच या बांधणीमागची योजना होती.

रत्नागिरी शहरात आणि जवळपास तीन वास्तू आहेत. जुन्या घरात येणाऱ्याने त्या बांधणीच्या नजरेने पाहून याव्यात. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान हे त्यांपैकी पहिले. 1856 साली टिळक तिथे जन्मले, आणि वडील गंगाधरपंतांची 1866 मध्ये पुण्याला बदली होईपर्यंत त्यांचे बालपण रत्नागिरीत गेले. आता ते राज्य संरक्षित स्मारक आहे. तिथे गेल्यावर मंडळी पुतळा आणि छायाचित्रे पाहून परततात. माझी विनंती अशी की थोडे थांबून ओटी, माजघर, वरचा माळा आणि छपराचा उतार पाहावा. दुसरी वास्तू थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 साली रत्नागिरीत आणला गेला, वीसहून अधिक वर्षे इतरांच्या बंगल्यांत राहिला, 1910 मध्ये या राजवाड्यात आला आणि 1916 मध्ये इथेच वारला. एवढ्या मोठ्या वास्तूलाही उतरते छप्पर आणि जांभ्याच्या भिंती का लागल्या, याचे उत्तर समोरून येणाऱ्या खाडीवरच्या वाऱ्यात उभे राहिले की मिळते.

तिसरे मालगुंडचे केशवसुतांचे घर, आणि दुरुस्ती शिकायला या तिन्हींत तेच सर्वांत उपयोगी. कादंबरीकार मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे उभारलेले स्मारक 1994 साली खुले झाले. कवीचे घर जतन करताना ते पाडून चकचकीत सभागृह बांधणे शक्य होते. तसे न करता घर घरासारखे ठेवले, आणि आतली जुनी भांडीकुंडी, दिवे, वस्तू यांच्यामुळे खोलीचा वापर कळतो. कोणती खोली कशासाठी होती हे कळले नाही तर माणूस कोठीच्या खोलीला खिडक्या पाडतो आणि पडवी बंद करून टाकतो. पडवी बंद केली की पावसाची झड थेट माजघराच्या भिंतीवर येते.

पावसापासून घर वाचवायचे ते आधी छपराने, म्हणून या पुस्तकात सर्वांत मोठा भाग छपराचा आहे. शाकारणी म्हणजे नुसती फुटकी कौले बदलणे नव्हे. कौले उतरवून त्यांवरचे शेवाळ खरवडावे लागते, सांध्यात साठलेला पालापाचोळा आणि माती काढावी लागते, रिपा ठोकून पाहाव्या लागतात, आढ्याची कौले पुन्हा पक्की बसवावी लागतात. आणि दोन पाखी जिथे मिळतात तिथली पन्हळ साफ करावी लागते. घर गळते म्हणून सांगणाऱ्या दहातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या घरी दोष कौलात नसून या पन्हळीत असतो, असे आमच्या भागातले जाणते कारागीर सांगतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. आंब्याची पाने पन्हळीत अडकतात, पाणी तुंबते, ते कौलाखालून मागे सरकते आणि खोलीत भलतीकडेच टपकते. छतातून पाणी पडते त्या जागेच्या बरोबर वर दोष शोधू नये. पाणी वाशावरून उतरत दोन-तीन हात पुढे येऊन पडते.

आणखी एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. मंगलोरी कौले सगळी दिसायला सारखी, पण दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट अडकत नाहीत. कौल उलटून पाहिले की मागे कारखान्याचे नाव आणि खूण उठवलेली असते. ती पाहून तशीच कौले शोधावीत. नवी मिळणार नाहीत. पण आसपास कुठे ना कुठे जुने घर उतरवले जात असते, तिथे मिळतात. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात हा हिशेब धरून, लागतील त्याहून शे-दीडशे जास्त आणून परसात रचून ठेवावीत. माकडे आहेत तोवर ती लागणारच. बागायतीच्या गावांत माकडांचा कळप एका फेरीत जेवढी कौले फोडतो तेवढी दोन वादळांतही फुटत नाहीत, आणि कौले सोडून पत्रा घालणाऱ्या बहुतेकांच्या निर्णयामागे हेच कारण आहे. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. ज्या घरात वर्षभर दोन म्हातारी माणसे राहतात आणि वर चढायला कुणी मिळत नाही तिथे पत्रा हा प्रामाणिक पर्याय आहे. मात्र पत्र्याखाली घर तापते, पावसात माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तो नीट बांधलेला नसला तर वाऱ्यात अख्खा उचलला जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात दापोली आणि मंडणगडने हे सगळे पाहिले. कौले फुटली, पत्रे उडाले, माड-पोफळी घरांवर पडल्या, आणि ऐन पावसाच्या तोंडावर हजारो घरे उघडी पडली. त्यानंतरच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. तेव्हापासून छप्पर वाऱ्याच्या दृष्टीनेही तपासले पाहिजे, हे या पुस्तकात मुद्दाम घातले आहे : वासे तुळईला आणि तुळई भिंतीला बांधलेली आहे का, आणि घरावर झुकलेला माड किंवा सुकलेली आंब्याची फांदी वेळीच उतरवली आहे का.

कौलांचे काम चालू असताना चार-दोन काचेची कौले बसवून घ्यावीत. माजघर या घरांत कायम अंधारे असते. भिंतीला नवी खिडकी पाडण्यापेक्षा वरून आलेला उजेड बरा. तुटक्या कौलांचेही काही करता येते. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी जुनी कौले काँक्रीटमध्ये भराव म्हणून घालून सिमेंट आणि पोलाद वाचवले. न्हाणीघरावर किंवा पाण्याच्या टाकीखाली लहान स्लॅब घालायचाच असेल तर ती पद्धत आपल्या गवंड्यालाही जमण्याजोगी आहे.

भिंतीबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. जांभ्याच्या ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नये. दोन वर्षे ती छान दिसते. मग आत अडकलेली ओल वर चढत जाते, गिलावा फुगतो, आणि पडताना चिऱ्याचा पृष्ठभागही सोबत घेऊन पडतो. ओल कुठून येते ते आधी पाहावे. बहुधा जोत्याला लागून साठलेली माती, बंद झालेले गटार किंवा भिंतीच्या अगदी मुळाशी पडणारी पागोळी यांतले एक कारण निघते. वळचण हातभर पुढे काढली आणि जोत्याभोवती पाण्याला वाट करून दिली की पुष्कळ भिंती आपोआप सुकतात. त्यानंतरही गिलावा हवाच असेल तर चुन्याचा करावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी उरलेत, पण आहेत. मागणी राहिली तर त्यांची मुलेही ते शिकतील.

लाकडाचे दुखणे वेगळे. या घरांतल्या तुळया आणि खांब सागाचे, ऐनाचे, किंजळीचे, कुठे फणसाचे. शंभर वर्षे ते टिकले, कारण घरात रोज चूल पेटत होती. तिच्या धुराने आणि उबेने माळ्यावरचे लाकूड कोरडे राहायचे, वाळवी फिरकायची नाही. घर बंद झाले, चूल विझली, आणि वाळवीला मोकळे रान मिळाले. चूल परत पेटवा असे मी कुणाला सांगणार नाही. तिच्या धुराने बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे जे नुकसान केले ते विसरता येत नाही. पण दारे-खिडक्या रोज उघडणे, माळ्यावर वारा खेळता ठेवणे, भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकांना डांबर किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावणे, आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या की त्याच दिवशी त्या मोडून औषध घालणे, एवढे वर्षभर करावे लागते. कुलूप लावून गेलेल्या माणसाला हे करता येत नाही. बंद घराची दुरुस्ती कितीही केली तरी ती टिकत नाही याचे कारण इथे आहे, आणि घरात राहणे हाच दुरुस्तीचा सर्वांत मोठा भाग आहे असे मी मानतो तेही याच कारणाने.

पाण्याच्या प्रकरणात वाचकाला एक विसंगती भेटेल. एवढा पाऊस पडूनही आपल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून उताराने निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात विहिरीला किती पाणी राहते हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय घरात किती नळ काढायचे ते ठरवू नये. नवा संडास बांधताना शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. छिद्रांच्या दगडातून घाण पाणी फार लवकर पसरते. यात काटकसर नको.

विजेबद्दल जास्त लिहिलेले नाही. लाकडी पट्ट्यांवरून गेलेली जुनी वायर दिसली की ती सगळी काढून नवी करावी, अर्थिंग नव्याने घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवावी. ओल्या भिंतींच्या घरात हे पहिल्या पावसाळ्याच्या आधी झाले पाहिजे. थांबायला सांगितलेल्या कामांत ते बसत नाही.

दुरुस्तीच्या पुस्तकात कागदपत्रांचे प्रकरण कशाला, असे हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्याने विचारले. रत्नागिरीतली कितीतरी घरे पावसाने पडली नाहीत, ती सामाईक मालकीने पडली. आजोबांच्या नावाचे घर, पाच चुलते, त्यांची मुले मुंबईत, एखादी नात परदेशात, आणि छपरावर खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. तोवर आढे खचते. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. आत्यांना आणि बहिणींना वगळून केलेली घरगुती वाटणी पुढे अडते, आणि मुळात ती न्याय्य नसते. राहायला येणाऱ्याने ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि जमिनीचा सातबारा काढून पाहावा, सगळ्या हिस्सेदारांना खर्चाचा अंदाज लेखी कळवावा आणि संमती लेखी घ्यावी. गणपतीत सगळे एकत्र येतात, तेव्हा हे बोलणे उत्तम होते. झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपून ठेवावी. नाती टिकवायला एवढे व्यवहारीपण लागते.

या पुस्तकात कामांच्या दरांचा तक्ता नाही. दर दरवर्षी बदलतात, आणि राजापूरचे दर गुहागरला लागू होत नाहीत. त्याऐवजी कोणते काम कोणत्या कामाच्या आधी करायचे, कारागिराशी बोलताना काय विचारायचे आणि काम चालू असताना काय डोळ्यांनी पाहायचे, ते सविस्तर दिले आहे. जे कारागीर आमच्याशी तासन्‌तास बोलले त्यांच्या ज्ञानावरच हे पुस्तक उभे आहे. त्यांतले बरेचजण साठी ओलांडलेले आहेत. छपरावर चढताना कौलाच्या मधोमध पाय न देता खाली वासा कुठे आहे तो अंदाजाने ओळखून पाऊल टाकणे, हे त्यांच्या पायांना कळते. ते शब्दांत उतरवायचा आम्ही प्रयत्न केला, पण वाचून कुणी वर चढू नये. त्यांच्याबरोबर एखादा गावातला मुलगा मदतनीस म्हणून ठेवावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी. पुढच्या शाकारणीला माणूस मिळण्याची तीच एक खात्रीची वाट आहे.

वाचकांना एकच विनंती. छपराचा भाग मार्च संपण्याआधी वाचावा. कौलांची जुळवाजुळव आणि माणसांशी बोलणी एप्रिलमध्ये झाली पाहिजेत, कारण मे महिन्यात आंब्याची काढणी आणि लग्नसराई यांतून कुणालाही सवड नसते, आणि 7 जूनच्या आसपास मृग लागतो.